पहाटे पाचचं गवत

दर बुधवारी संध्याकाळी सातला
डेअरीमागच्या खोलीत आमचा क्लब भरतो.
बाहेर कमरेइतका बर्फ, आत आंबूस दुधाचा वास
आणि टेबलावर जुन्या कॅलेंडरचं उलटं पान,
त्यावर चार गोल, मधे एक चौकोन.
हा आमचा ड्रोन.
सध्या एवढाच.

लुरेन सुतार. त्याचं म्हणणं, हात लाकडाचे करू,
लाकूड वाकतं पण दगा देत नाही.
सतरा वर्षांची फ्लुरिना म्हणते, कार्बनची नळी घ्या,
खुर्ची नाही करायची आपल्याला, काका.
मग दोन्ही तुकडे चीजच्या तराजूत घातले.
लाकडाचं पारडं खाली गेलं ते गेलंच.
लुरेन बराच वेळ छताकडे बघत होता.

मोटारी चार, पंखे आठ
(चार मोडणार, हे ठरावातच लिहिलंय).
बॅटरी थंडीत मान टाकते,
म्हणून उडेपर्यंत कोणीतरी ती काखेत धरून बसायचं.
कोणाच्या काखेत, यावर वीस मिनिटं गेली.
उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याचा आकडा
माडलाइनाबाईंनी वाचलाच नाही,
हिशेबाची वही नुसती आमच्याकडे फिरवली
आणि चष्मा पुसायला घेतला.
"मग कॅमेराच उडवू," कोणीतरी म्हणालं,
"बाकीचं राहू द्या."

सगळे हसलो. दाराशी कोट न काढता बसलेला
गिऑन हसला नाही.
त्याच्याकडे वर्गणी कोणी मागत नाही.
गेल्या जूनमध्ये, त्याच्या कापणीच्या यंत्राखाली
हे वाक्य आमच्या दरीत कोणी पुरं करत नाही.
मीही करणार नाही. एवढंच सांगते,
हरणाचं पाडस पळत नाही.
आई त्याला उंच गवतात ठेवते, हलू नकोस म्हणते,
आणि ते तिचं ऐकतं.
यंत्राचा आवाज जवळ येतो, आणखी जवळ,
आणि ते तिचं ऐकतं.

फ्लुरिना समजावत होती:
पहाटे पाच वाजता गवत गार असतं,
तेव्हा ऊबदार जीव पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो.
"दगड," गिऑन म्हणाला.
तीन महिन्यांत त्याचा हा पहिला शब्द.
"दगडही रात्रभर ऊन धरून ठेवतात."
आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन
चार गोलांच्या शेजारी त्यानं आपलं कुरण काढलं.
हा दगड बैठा, हा कोंबडीएवढा,
इथं झरा, इथलं गवत दुपारीही गार,
ह्यानं पातं मोडलं तेव्हा वडील होते,
ह्यानं मोडलं तेव्हा नव्हते.
एकतीस दगड.
आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या
ते सगळे त्याला आपापल्या जागेसकट पाठ होते.

माडलाइनाबाईंनी नोंद केली: नकाशा, नग एक. किंमत, शून्य.
मग शून्य खोडलं. जागा तशीच कोरी ठेवली.

रविवारी चाचणी, ड्रोनशिवाय.
मी पोस्टाची बस चालवते,
म्हणून खालच्या गावातल्या अग्निशामकांचा कॅमेरा
दोन तासांच्या बोलीवर मीच आणला.
रबरी पिशवीत गरम पाणी भरलं,
तिच्यावर तपकिरी लोकरीची टोपी चढवली
आणि गिऑननं ती कुठंतरी बर्फात पुरून ठेवली.
कॅमेरा लांब काठीला बांधून
फ्लुरिना पुढं, आम्ही मागं,
लुरेन तोंडानं घूं घूं करतोय,
हात पसरून, साठीचा माणूस.
वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पाद्रीबाबांनी
गाडी थांबवली, मग विचारायचं टाळलं.

अकराव्या मिनिटाला ठिपका.
पांढरा, हरभऱ्याएवढा.
"सापडलं!" फ्लुरिना ओरडली,
आणि डोंगरानं ते दोनदा ओरडून दाखवलं.

कॅमेरा परत द्यायचा होता, घाई होती.
पंख्यांचे पैसे अजून जमलेले नाहीत,
कापणीला उरलेत सोळा बुधवार.
बस वळवताना आरशात दिसलं,
सगळे कॉफीकडे निघालेत, गिऑन मागं.
वाकून त्यानं पिशवी उचलली,
टोपीवरचा बर्फ झटकला
आणि कोटाचं वरचं बटण काढून आत घेतली.
पाणी तर केव्हाच गार झालं असणार.